बडग्याच्या छातीवरचा पट्टा

"पट्टा कुठी हाय वं माझा?" मारोतरावांनी पुन्हा विचारलं आणि खुंटीवरचे सगळे कपडे खाली ओढले.

कौशल्या चुलीपुढून उठली नाही. "मले काय मालूम? मी काय तुमच्या पट्ट्याले राखत बसून राहिली?"

डोक्यावर लाल पगडी चढली होती, अंगात कोट होता. साहेबाच्या कचेरीचा पितळी बिल्ल्याचा पट्टा तेवढा गायब होता. पट्ट्याशिवाय जमादाराला सिव्हिल लाइन्सच्या फाटकावर कुत्रंही विचारत नाही. आणि पट्टा हरवला तर नोकरीच गेली. खरं तर आज त्यांची रजा होती. पण सकाळीच निरोप आला की साहेबांकडे पाहुणे आहेत, जमादारानं यावं. निरोप आला की मारोतराव निघायचे. उन्हाळ्यात कचेरी थंड हवेसाठी पचमढीला जायची, तिच्यामागे तेही जायचे. कौशल्या आणि लेक देवकी नागपूरचं ऊन खात बसायच्या.

आज तान्हा पोळा. संध्याकाळी पोरं लाकडी बैल सजवून तोरणाखाली नेतात. देवकीच्या बैलाची दोरी धरायला बाबा येणार, हे दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी फसायचं. पण येत्या माघात तिचं लग्न होतं. पुढच्या पोळ्याला ती सासरी, रामटेककडे. म्हणून यंदा मारोतरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती.

"लेकीच्या डोक्यावर ठेवला होता ना तो हात?" कौशल्या म्हणाली. "आता त्यानंच साहेबाले सलाम करा."

मारोतरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. खरं बोललेलं त्यांना कधीच सोसलं नव्हतं. ते काही बोलणार, तोच गल्लीत आरडाओरडा उठला.

"ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!"

पोरांनी बडग्या काढला होता. मारबतीच्या बाहुलीसोबत निघणारा, तणस भरलेला बाहुला. वर्षभर जे छळतं त्याचं सोंग त्याला द्यायचं, पोटभर शिव्या घालायच्या आणि वेशीबाहेर नेऊन जाळायचं. मागच्या वर्षी खोकल्याचा बडग्या होता. मारोतराव दारात आले आणि जागीच थिजले. यंदाच्या बडग्याच्या छातीवर तिरपा पट्टा होता. बिल्ला उन्हात चमकत होता. ओढायची दोरी देवकीच्या हातात होती.

पोटच्या पोरीनं बापाला जाळायला काढलं होतं. समोरच्या ओट्यावर शेजारचे नत्थूजी पोट धरून हसत होते, तो आणखी एक जाळ. मारोतराव धावले. पोरं पांगली. देवकी एकटी उभी राहिली. त्यांनी हात उगारला.

"बापाले जाळाले निघाली? काय घोडं मारलं मी तुह्यं?"

देवकीनं मान खाली घातली नाही. डोळे तिचेही लाल होते, पण रडून नव्हे.

"हा तुमी नाई, बाबा," ती म्हणाली. "तुमाले घेऊन जाते ना, तो हाय."

हात तसाच वर राहिला. मारोतरावांनी बडग्याकडे नीट पाहिलं. त्यांच्या झुपकेदार मिशा गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही काढता आल्या असत्या. बडग्याला मिशा नव्हत्या. नाक नव्हतं, डोळे नव्हते. पोरांनी त्याला तोंडच काढलं नव्हतं.

राग काही उतरला नाही. उलट वाढला. पण तो आता देवकीवर नव्हता. साहेबानं बोलावलं, हे खरं. आजवर एकदाही नाही म्हटलं नाही, ते कोणी?

पोरं हळूहळू परत जमली. कौशल्या दारात आली. पट्टा हातभर अंतरावर होता, नुसता ओढला की निघाला असता.

"बोडका काहून ठेवला वं याले?" मारोतराव म्हणाले, आणि डोक्यावरची पगडी काढून त्यांनी बडग्याला घातली.