यादीतली आठवी वस्तू

खेळ सुरू केला की नवा संगणक तेरा मिनिटांनी बंद पडत होता. दुपारपर्यंत तो चार वेळा बंद पडला, आणि चारही वेळा तेराच मिनिटांनी. फरक होता तो काही सेकंदांचा.

वेळ वडिलांनी घड्याळ लावून मोजली होती. वजनमापे निरीक्षक म्हणून त्यांची पंचवीस वर्षे दुकानदारांचे काटे तपासण्यात गेली होती, आणि मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही हा नियम ते घरातही पाळत. पाचव्या फेरीत त्यांनी एकेक शंका निकालात काढली. वीजपुरवठा बरोबर होता. पंखा फिरत होता. पडद्याच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा मात्र चढत चढत नव्व्याण्णव अंशांवर गेला आणि पडदा काळा झाला.

"प्रोसेसर तापतोय," ते म्हणाले. "कोरा करकरीत प्रोसेसर एवढा तापायला नको. सदोष माल गळ्यात मारलाय आपल्या."

शेजारी बसलेल्या मुलीने काळ्या पडद्यावरून नजर हलवली नाही.

"तेरा मिनिटं खेळायचं आणि उठायचं," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "मला तर यात काही दोष दिसत नाही. उगीच दुरुस्त करू नका."

वडील हसले. मुलीला हसू आले नाही. संगणक बापलेकींनी सकाळी घरीच जोडला होता, पण भागांची यादी तिची होती. रक्कम ठरलेली होती. तीन महिने ती त्या रकमेत खेळांचा संगणक बसवत होती. मेमरी कमी केली, पेटी साधी घेतली, दिव्यांचे पंखे वगळले, तरी हवे ते ग्राफिक्स कार्ड बसेना. शेवटी बसले. कसे, असे वडिलांनी विचारले तेव्हा, दुकानदाराने सूट दिली, असे तिने सांगितले होते.

"त्या दुकानदाराचा नंबर दे."

"रविवार आहे, बाबा. दुकान बंद असेल."

"बंद असेल तर तो उचलणार नाही. दे."

शेवटचा आकडा चुकीचा सांगावा, असे तिच्या मनात येऊन गेले. पण तोच नंबर समोरच्या रिकाम्या खोक्यावर चिकटवलेला होता. तिने खरा सांगितला. वडिलांनी फोन स्पीकरवर टाकला.

"मी वजनमापे निरीक्षक बोलतोय."

"साहेब, आमच्याकडे काटाच नाही हो!"

"काट्याचं नाही. तुमच्याकडून घेतलेला प्रोसेसर सदोष आहे. बदलून द्या, नाहीतर मी रीतसर तक्रार करणार." त्यांनी मुलीचे नाव सांगितले.

"थांबा हं, बिल काढतो."

कागद उलटल्याचा आवाज येऊ लागला. याच माणसाने दोन तास उभे राहून तिला एकेक भाग समजावून दिला होता. आवाज थांबेपर्यंत तिला बोलता आले असते. ती खोक्यावरची चिकटपट्टी सोलत राहिली.

"साहेब, यादीत आठ वस्तू होत्या. सात आम्ही दिल्या. आठवा प्रोसेसर. तो ताईंनी ऐन वेळी खोडला, दुसरीकडे मिळतोय म्हणाल्या."

"माफ करा," वडील म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. दुकानदाराची माफी मागताना तिने त्यांना आजवर ऐकले नव्हते.

"कुठून आणलास?"

"एक जण विकत होता. वापरलेला आहे. निम्म्या किमतीत मिळाला, म्हणून कार्ड बसलं."

"पावती?"

"नाही."

"परत घेईल तो?"

"फोन लागत नाही त्याचा."

ते ओरडतील म्हणून ती वाट पाहत राहिली. ते ओरडले नाहीत. "सूट दिली म्हणाली होतीस," एवढेच म्हणून त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला.

चार स्क्रू निघाले. प्रोसेसरवर बसवलेला, त्याची उष्णता ओढून घेणारा कूलर वडिलांनी हलकेच पिळून वर उचलला. आता करपलेला डाग दिसणार, म्हणून तिने डोळे मिटले.

"इकडे बघ."

त्यांच्या तळहातावर कूलर उताणा होता. त्याच्या तांब्याच्या तळावर एक पातळ पारदर्शक पापुद्रा जसाच्या तसा चिकटलेला होता, आणि त्याच्या कडेला लाल अक्षरांत छापले होते: बसवण्यापूर्वी काढा. उष्णता वाहून नेणारी पेस्ट पुसली, तर प्रोसेसरवर एक जुना ओरखडा निघाला. बाकी तो धडधाकट होता.

वडिलांनी नखाने पापुद्रा सोलून काढला, नवी पेस्ट लावली, स्क्रू आवळले. खेळ सुरू झाला. आकडा चौसष्टवर जाऊन थांबला. तेरावे मिनिट आले तसे गेले. विसावेही गेले.

"सूचना वाचल्याशिवाय मी साधा बल्ब लावत नाही," वडील स्वतःशीच म्हणाले. "मग हे कसं सुटलं?"

"मी तुम्हाला बघू दिलं नाही, बाबा," मुलगी म्हणाली.

सकाळी जोडणीला बसण्यापूर्वीच तिने प्रोसेसर बसवला होता, आणि ओरखडा झाकावा म्हणून वर पेस्टही फासून ठेवली होती. वडिलांनी कूलर हातात घेतला आणि ते चष्मा शोधू लागले. तेव्हा "मला दिसतंय, बाबा, द्या इकडे" म्हणून तिने तो त्यांच्याकडून घेतला आणि दाबून बसवला. त्याच्या तळाकडे तिने पाहिले नाही. ती वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहत होती.