अब्बाची खुर्ची

"बोअर कुठं होईल, हे मी सरपंचाले इचारून राह्यली, तुमाले नाही," बौद्धवाड्यातली धम्मदीपा भर ग्रामसभेत म्हणाली.

फय्याज हसला. सरपंच त्याची बायको शाहजादी. पण खुर्चीवर तो बसला होता अन् ती मागं, भिंतीशी, बायांच्या सतरंजीवर. निवडून आल्यापासून तिची जागा तीच. गावाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. गावाला वाटतं तरी कशाचं म्हणा!

"मी बोललो काय अन् ती बोलली काय, एकच हाय. बोअर चौकात होईल."

चौकात फय्याजचं हॉटेल. पाण्याची बोंब होती ती टोकाच्या वस्तीत. तिथं मोहल्ल्यातल्या अन् बौद्धवाड्यातल्या बाया एकाच हापशीवर भांडत. त्यांना शाहजादीनं मतं मागताना शब्द दिला होता.

शाहजादी उभी राहिली.

"बोअर टोकाले होईल. मी जबान देली हाय."

फय्याजचं तोंड उतरलं. त्यानं भावाला हाक मारली. "फुरकान, अम्मीले घेऊन ये. म्हन, सुनेले घरी न्या."

फय्याजची आई सुगराबी आली. काळा बुरखा, हातात काठी, तोंडात पान. तिच्या जिभेला गावचे पैलवान भीत. लोक आपसूक सरकले. शाहजादीनं मान खाली घातली. आज ती घरी गेली की परत या दारात दिसायची नाही, हे सगळ्यांना कळलं.

आई उभी अन् लेक बसलेला, हे त्या घरात चालत नाही. फय्याज उठला.

"बसा अम्मी."

सुगराबीनं खुर्चीच्या हातावरून बोटं फिरवली. बसली मात्र नाही.

"शाहजादी, इकडं ये. बस इथं."

शाहजादी जागची हलेना.

"बहिरी झाली काय? बस म्हनते ना!"

शाहजादी येऊन बसली. अगदी कडेला, परक्याच्या घरी बसावं तशी.

"अम्मी, लोकं पाहून राह्यले," फय्याज पुटपुटला. "अब्बाची खुर्ची हाय ते. अब्बा सरपंच होते तवा याच खुर्चीत मी त्याइच्या मांडीवर बसत होतो."

सुगराबीनं काठी जमिनीवर आपटली.

"बसत तुहा बाप होता रे. सरपंच मी होती."