एक दिवस काम करून दाखवा

"अनुभव?" साहेबांनी विचारलं.

"आज येईल की," ती म्हणाली, आणि आगाऊपणा झाला की काय म्हणून लगेच जीभ चावली.

साहेब हसले नाहीत. त्यांनी तिच्या अर्जावर पेन्सिलीने खूण केली आणि एप्रन पुढे सरकवला. "एक दिवस काम करून दाखवायचं. ट्रायल. मग बघू."

हे 'मग बघू' आता तिला तोंडपाठ झालं होतं. सतरा वर्षांच्या, कुठेच काम न केलेल्या पोरीला कोणी विचारत नाही, हे तीन महिन्यांत तिला पुरतं कळलं होतं. चपलांच्या दुकानाने दिवसभर खोकी उतरवून घेतली. बेकरीने ट्रे घासून घेतले. दोघंही कळवतो म्हणाले. कळवतंय कोण!

आईचाही धीर सुटला होता. "शनिवारपर्यंत जमलं तर बघ," ती म्हणाली होती, "नाहीतर मावशीकडे जा. तिची पोरं सांभाळ, घर बघ." मावशीकडे तीन कार्टी, अंथरुणाला खिळलेली सासू आणि दिवसभर मावशीच्या तोंडाचा पट्टा. तिथे एकदा अडकलं की सुटका नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि आज शनिवार होता.

लॉन्ड्री मोठी होती. हॉटेलांच्या चादरी यंत्रातून गरम गरम बाहेर पडायच्या आणि लांब टेबलावर त्यांच्या घड्या व्हायच्या. वाफेने जीव नकोसा होत होता. शेजारच्या दोघी बायका मान खाली घालून राबत होत्या. एकमेकींशीही चकार शब्द नाही.

साहेब मात्र सगळीकडे. भिंतीवरची नियमांची पाटी त्यांनी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. अंगातल्या नव्या शर्टावर दुकानातल्या घडीच्या रेघा तशाच होत्या. लॉन्ड्रीच्या साहेबालाच इस्त्री मिळू नये, याचं तिला हसू आलं. दिवसभरात ती हसली ती तेवढीच.

"कोपऱ्याला कोपरा जुळव!" साहेब खेकसले.

तिने घडी मोडून पुन्हा घातली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिचा हात चांगला बसला.

सुट्टीत साहेब डबा घेऊन तिच्याच बाकावर येऊन टेकले. घास घेण्याआधी त्यांनी वर, मालकीणबाईंच्या काचेच्या खोलीकडे एक नजर टाकली.

"एवढा जीव तोडू नकोस," ते हळूच म्हणाले. "आजारी पडशील."

तिला राहवलं नाही. मावशीचं सगळं तिने भडाभडा सांगून टाकलं. परक्या माणसासमोर रडायचं नव्हतं, पण रडू आलंच.

"माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे," साहेब म्हणाले. बराच वेळ त्यांनी पोळीला हात लावला नाही. "मी बोलतो बाईंशी. माझ्या हाताखाली मला अशीच माणसं हवीत."

हवीत! तीन महिन्यांत हा शब्द तिने पहिल्यांदा ऐकला. दुपारभर तिने शेजारच्या दोघींच्या दुप्पट घड्या घातल्या. आईला काय आणि कसं सांगायचं, तेही मनात ठरवून टाकलं.

सहा वाजता यंत्रं थांबली. मालकीणबाई खाली आल्या तसे साहेब ताडकन उभे राहिले.

"बाई, ही पोरगी फार कामसू आहे. हिला सोडू नका. बाकीचं मी शिकवेन."

बाईंनी चादरींच्या थप्पीवरून हात फिरवला. "काम चांगलं आहे," त्या म्हणाल्या.

तिने एप्रनची सैल झालेली गाठ पुन्हा घट्ट केली.

"एप्रन ठेव त्या खुर्चीवर. काही असलं तर निरोप येईल."

तिला सगळं समजलं. तरी ती आशेने साहेबांकडे बघत राहिली. आता तेच काय ते बोलतील. त्यांनी तोंड उघडलंही.

"आणि साहेब, तुम्हीही किल्ल्या आणि बिल्ला टेबलावर ठेवून जा," बाई म्हणाल्या. "सोमवारी ट्रायलला येणाऱ्या साहेबांना लागतील."