आखूड पाकळी

पोराच्या लाकडी पेट्यांचं कौतुक सांगताना आईचं तोंड थकत नसे. सपाट झाकणावर हातोडी मारून फुलांची खरखरीत नक्षी उठवायची, ही त्याचीच शक्कल. हातोडीच्या तोंडावर फूल त्यानं कानशीनं कोरलं होतं. कानस घसरली आणि एक पाकळी आखूड राहिली. "असू दे, तीच माझी सही," तो हसून म्हणायचा. आज फळीवरचा डबा काढायला सुनेनं हात वर केला, तशी बाही घसरली. कोपराजवळ काळंनिळं फूल होतं. एक पाकळी आखूड. आईनं तिचा हात धरला. "दार लागलं हो, आई," सून बाही ओढत म्हणाली. आई तडक पोराच्या कारखान्यात गेली. "बघ, कशी उठलीत फुलं!" त्यानं नवी पेटी पुढे केली. तिनं पेटी बाजूला सारली, आपली बाही वर केली, हात टेबलावर ठेवला. "आता इथं उठव."