खंडेनवमीचा हार

१९९८ साल. सातपूरच्या आमच्या स्विचच्या कारखान्यात मंदी दोन वर्षं मुक्कामाला होती. आधी ओव्हरटाइम गेला, मग चहाबरोबरची बिस्किटं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"बाई, आता एकच प्रेस चालवता येईल. तुमची की कौसल्याबाईंची? तुम्ही जुन्या, तुम्हीच सांगा."

"कौसल्याचा हात हल्ली मंदावलाय," मी म्हणाले. नोकरी वाचवायला खोटं बोलले.

सकाळी सगळ्या आपापल्या मशिनची पूजा करत होत्या. मला कौसल्यासमोर जाववेना. मी स्टोअरमध्ये बसून राहिले. परत आले तर माझी प्रेस लखलखीत पुसलेली, हळदकुंकू लावलेली, वर झेंडूचा भरगच्च हार. शेजारी कौसल्याच्या प्रेसवर जेमतेम दोन फुलं.

"कुठं उलथली होतीस गं?" कौसल्या हसली. "हार एकच आणलेला, तुझ्या प्रेसला घातला. तिचा आवाज आला की माझाही हात चालतो."

माझी मान वर होईना.

दसरा झाल्यावर तिला घरी बसवलं. मार्चमध्ये कारखानाच बंद पडला. साहेब मुलीकडे बंगळुरूला गेले. दोन्ही प्रेस भंगारात गेल्या. कौसल्यानं मसाल्याची चक्की टाकली. दर खंडेनवमीला ती चक्कीसाठी हार करायची आणि दुसरा माझ्याकडे पाठवायची. माझ्या दाराला तो कधी लागला नाही. मी शेजारणीला देऊन टाकायचे. कौसल्या गेल्या वर्षी वारली. तिला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.