मनुबाईचा ब्रेक

पसरणी घाटात दर वळणाला शेजारी बसलेली मनुबाई पायाखालची मॅट ब्रेकसारखी दाबायची. "तुजा ब्रेक माज्याआदी झिजंल बग," म्हणत गाडी चालवणारा तिचा नवरा जोतीराम हसायचा. खरंच तिच्या टाचेखाली मॅटला भोक पडलं.

ती वारल्यावर त्यानं पहिल्यांदाच गाडी बाहेर काढली, तर ब्रेक दाबला की खरखर आवाज यायला लागला. तशीच गाडी अफताबच्या गॅरेजला लावली.

संध्याकाळी किल्ली देताना अफताब म्हणाला, "काका, ब्रेकपॅड पार झिजलं हुतं, डिस्कवर नुसता पत्रा घासत हुता. नवं टाकलंय. आता बिनघोर घाट उतरा."

जोतीराम गाडीत बसला, तसा अफताब खिडकीशी वाकला.

 

"आन् डावीकडच्या मॅटला भोक पडल्यालं. माज्याकडनं नवी टाकली. जुनी गेली कचऱ्याच्या गाडीत."