वेशीची धून

“उस्ताद, वेशीची धून होऊ द्या आता. उन्हात घोड्यावर नवरदेवाची कुरडई होऊन राह्यली.”

कचरू नवरदेवाचा बाप. त्याच्या बोलण्यावर सारी वरात हसली. बँडचा उस्ताद अजमत हसला नाही. त्यानं ट्रम्पेट काखेत धरलं आणि रुमालानं ओठ टिपले.

“ती न्हाई. दुसरं काहीबी सांगा.”

“माझ्या लग्नात तुम्हीच वाजवल्ती की!”

“तवा वाजवल्ती.”

हसनाबादच्या वेशीतून नवरदेव बाहेर पडायचा तो या धुनेवरच. अजमतनंच ती तरुणपणी बांधलेली. अबुजर गेला आणि धून बंद झाली. अबुजर त्याचा एकुलता एक. बापाच्या बँडात ट्रम्पेट वाजवायचा, मग परदेशी जहाजावर कपडे धुवायच्या कामाला गेला. तिकडंच ताप डोक्यात चढला, तिकडच्याच कुठल्याशा बंदरात दफन झालं. बापाच्या हातची मूठभर मातीसुद्धा त्याच्या अंगावर पडली नाही.

तेव्हापासून अजमत बँडच्या पुढं चालू लागला, की त्याला मागून एक ट्रम्पेट ऐकू यायचं. ठेक्यावर नाही, ठेक्याच्या मधोमध. पाऊल उचललेलं असतं आणि अजून टेकलेलं नसतं, नेमकं तिथं. बँडात दुसरं ट्रम्पेट उरलंच नव्हतं. कुणाला विचारावं तर माणसं एकमेकांकडं बघायची. वेशीत मागून हाक आली तर ओ देऊ नये, मान वळवू नये, असं जुनी माणसं सांगत. अजमत मान वळवत नसे. चालत राही, वाजवत राही, आणि मागचा वाजवीत राही.

तेवढ्यात गल्लीतून मदीहा पळत आली. अबुजरची लेक, भोकरदनला कॉलेजात जाणारी. बापाचा नंबर तिनं अजून चालू ठेवला होता.

“दादाजान, अब्बा के नंबर पे आया! देखो तो!”

व्हिडिओ जावा बेटावरून आलेला. जहाजावर अबुजरबरोबर कामाला असलेल्या सूर्योनं पाठवलेला. काळ्या-पांढऱ्या चौकटींचे शर्ट घातलेली पोरं, हातात ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, गिटार, आणि समोर नाचणारी ही एवढी गर्दी. पहिला सूर निघाला आणि अजमतच्या काखेतलं ट्रम्पेट घसरता घसरता राहिलं.

वेशीची धून. आणि तिच्याखाली तोच ठेका, उचललेल्या पावलातला.

“ये कायका ठेका है गे?”

“स्का बोलते इसको. अब्बा फोन पे बताते थे ना!”

जमैका नावाच्या बेटावर हे संगीत जन्मलं, ती सांगू लागली. पोटामागं विलायतेला गेलेल्या माणसांबरोबर समुद्र ओलांडून गेलं. तिथल्या गोऱ्या-काळ्या पोरांनी ते मिळून वाजवलं. मग जपानच्या, मेक्सिकोच्या, आता जावाच्या. जिथं गेलं तिथल्या पोरांनी त्यात आपलं एखादं गाणं मिसळलं. काम संपलं की अबुजर आणि सूर्यो जहाजावर हेच वाजवत बसायचे, वेशीची धून त्यात मिसळून.

धून तिसऱ्या वळणाला आली आणि थांबली. एका श्वासापुरती. सगळ्या पोरांनी वाद्यं खाली घेतली आणि मान वळवून मागं पाहिलं. नाचणाऱ्या गर्दीनंही मागं पाहिलं. मग पुन्हा सूर उसळला.

अजमतच्या कपाळाची शीर तटतटली.

“तीच चूक! घसा फोडून सांगितलं अबुजरला, तिथं श्वास तोडू नको, तिथं श्वास तोडू नको. ऐकलं न्हाई. आता साऱ्या दुनियेला शिकवून ठेवली!” तो ओरडत होता आणि त्याचे डोळे भरून येत होते.

मदीहानं व्हिडिओखालच्या ओळी वाचल्या. मोबाइलनंच केलेलं तोडकंमोडकं हिंदी.

“अबुजर बोलता था, यह जगह ऐसे ही बजाना. मेरे बाप ने ऐसे ही बजाया.”

“मी? मी कवा?”

ढोलाचा पट्टा सैल करत बद्रीनाथ पुढं आला. अजमतच्याच वयाचा, बँड उभा राहिला त्या दिवसापासूनचा ढोलवाला.

“अजमत, ती त्याची चूक न्हाई. पोरगं इवलंसं होतं तवा हट्टानं यायचं अन् वरातीच्या पार शेपटाला राह्यचं. तू वेशीत आला की फुंक सोडून मागं बघायचास, येऊन राह्यलं का न्हाई म्हणून. तेवढा वेळ मी ढोल धरून ठिवायचो. त्याला वाटलं असंल, धूनच तशी हाय.”

घोड्यानं खूर आपटला. कचरूनं डोक्यावरचा फेटा उगाच नीट केला.

अजमतनं ट्रम्पेट ओठाला लावलं.

धून निघाली. वरात वेशीकडं सरकली. आणि मागून तो दुसरा सूर आला, अगदी बरोबर, त्याच्या दोन पावलांच्या मधे. लांब ढांगा टाकणाऱ्या बापामागं आखूड पायांचं लेकरू धावलं, की त्याची पावलं पडतात तिथं.

तिसरं वळण आलं. अजमतनं फुंक सोडली. बद्रीनाथनं ढोल धरून ठेवला. अजमतनं मान वळवली.

मागं बँड होता, घोडा होता, उन्हात लकाकणारी बायकांची लुगडी होती. त्याच्याही मागं वाट होती, धुळीची, रिकामी. आणि समुद्रापार, ज्यांनी हसनाबाद कधी ऐकलंही नव्हतं अशी पोरं नाचता नाचता थांबून मागं बघत होती, अजमतचं लेकरू येतंय ना म्हणून.